पेशींच्या वाढीचा निरोप आणि प्रतिपिंडांची साक्ष

पावसाळ्याच्या दिवसांत मराठवाड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची कुपी अशा वेळी रुग्णाचे प्राण वाचविते. हे औषध कसे तयार होते, याची माहिती आपल्यापैकी अनेकांना असेल. घोड्याला सापाचे विष अत्यल्प मात्रेत, क्रमाक्रमाने टोचले जाते. त्या विषाला नेमके ओळखून धरून ठेवणारी प्रथिने घोड्याच्या शरीरात निर्माण होतात. ती रक्तातून वेगळी काढून शुद्ध केली की प्रतिविष तयार होते. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी दीर्घकाळ निगडित आहे. विषाला धरून ठेवणाऱ्या या प्रथिनांना शास्त्रीय परिभाषेत प्रतिपिंडे म्हणतात. अँटिबॉडी हा त्यांचा इंग्रजी प्रतिशब्द कोविडच्या साथीपासून घरोघरी पोहोचला आहे.

आता याच विभागातील दुसरे दृश्य पाहू. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले आणि त्याचे रुग्णालय 'घाटी' या नावाने सर्वांच्या परिचयाचे आहे. या महाविद्यालयाशी संलग्न असे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून शहरात कार्य करीत असून राज्य कर्करोग संस्था म्हणून त्यास मान्यता मिळाली आहे. मराठवाड्याच्या गावागावांतून येथे रुग्ण येतात. स्तनात गाठ झालेली एखादी भगिनी अशा रुग्णालयात येते तेव्हा तिच्या गाठीचा लहानसा तुकडा तपासणीसाठी घेतला जातो. पुढे हाती येणाऱ्या अहवालात 'हर-टू' असे एक नाव आणि त्यापुढे शून्य ते तीन यांपैकी एक अंक असतो. तिला कोणते औषध द्यावयाचे, हे बऱ्याच अंशी या एका अंकावर ठरते.

हा अंक प्रतिपिंडाच्या साहाय्याने मिळतो. सर्पविषाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचेच हे जातभाई होय. एका ठिकाणी ते औषध म्हणून कामास येते, तर दुसऱ्या ठिकाणी साक्षीदार म्हणून. पेशीला 'वाढ' असा आदेश कसा मिळतो आणि तो आदेश बिघडला म्हणजे कर्करोग कसा बळावतो, हे कोडे उलगडण्यात या साक्षीदाराचा मोठा वाटा आहे. ते कसे घडले आणि त्या ज्ञानाचा आपल्या जिल्ह्यांतील रुग्णांशी काय संबंध पोहोचतो, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

वाढीचा निरोप

हाताला कापले की काही दिवसांत जखम भरून येते. कडेच्या पेशी दुभंगून नव्या पेशी निर्माण होतात आणि जखम भरताच हे काम थांबते. केव्हा वाढावयाचे आणि केव्हा थांबावयाचे, हे पेशी आपल्या मर्जीने ठरवीत नाही. तिला बाहेरून निरोप येतो. हा निरोप आणणाऱ्या लहान प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात.

अशा एका वृद्धिघटकाचा शोध उंदराच्या पिलांमुळे लागला. उंदराची पिले जन्मतः डोळे मिटलेली असतात व सुमारे दोन आठवड्यांनी त्यांच्या पापण्या उघडतात. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना असे आढळले की, उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क टोचल्यास पिलांचे डोळे कितीतरी दिवस आधीच उघडतात. त्यांनी १९६२ मध्ये त्या अर्कातील प्रथिन वेगळे केले. त्वचेच्या बाह्य थराची वाढ घडविणारे ते प्रथिन म्हणून त्यास बाह्यत्वचा वृद्धिघटक असे नाव मिळाले. या क्षेत्रातील कार्याबद्दल कोहेन व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हा निरोप्या पेशीच्या आत शिरून काम करीत नाही. पेशीच्या आवरणात रुतलेले दुसरे एक लांब प्रथिन असते. त्याचा एक भाग आवरणाच्या बाहेर, मधला भाग आवरणात व उरलेला भाग पेशीच्या आत असतो. त्यास ग्राही म्हणतात. निरोप्या ग्राहीच्या बाहेरील भागास येऊन चिकटतो आणि आतील भागात हालचाल सुरू होते. दाराबाहेरील बटण दाबले असता घरात घंटा वाजावी, तसाच हा प्रकार आहे. परंतु बटण आणि घंटा यांच्यामधील तार कशी जोडली जाते, हा मुख्य प्रश्न होता.

साक्षीदार म्हणून प्रतिपिंडच का?

ग्राही डोळ्यांना दिसत नाही. पेशीच्या आवरणात शेकडो प्रकारची प्रथिने दाटीवाटीने असतात. त्यांतील एकच प्रकार निवडून त्याचा अभ्यास करावयाचा, तर त्याला नेमके धरणारे साधन हवे. प्रतिपिंडाच्या ठिकाणी हा गुण निसर्गतः असतो.

प्रतिपिंडाची आकृती इंग्रजी वाय या अक्षरासारखी असते. वरच्या दोन फांद्या म्हणजे जणू त्याचे दोन हात. दोन्ही हातांची पकड अगदी सारखी असून ती एका विशिष्ट आकाराच्या जागेवरच बसते. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये प्रतिपिंडाचे तुकडे केले. त्यासाठी त्यांनी पपेन हे विकर, म्हणजेच एंझाइम, वापरले. कच्च्या पपईच्या चिकात असणारे व मांस लवकर शिजावे म्हणून उपयोगी पडणारे हेच ते द्रव्य. पपेनने प्रतिपिंडाचे हात धडापासून सुटे झाले, तरी सुट्या हाताची पकड कायम राहिली. एक हाताचा व दोन हातांचा प्रतिपिंड असे दोन्ही प्रकार हाती असणे पुढे फार मोलाचे ठरले.

अडचण एकच होती. प्राण्याच्या रक्तातील प्रतिपिंडे सरमिसळ असतात. एकाच ग्राहीवर कोणी येथे धरतो, तर कोणी तेथे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ते मिश्र बियाणे होय. केंब्रिज येथे जॉर्जेस कोहलर व सेझार मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये यावर उपाय शोधला. एकच प्रतिपिंड निर्माण करणाऱ्या पेशीचा त्यांनी अखंड वाढणाऱ्या पेशीशी संयोग घडविला. या संयोगातून निघालेला पेशीवंश एकाच पकडीचे प्रतिपिंड हवे तितके देऊ लागला. जणू शुद्ध वाणाचे बियाणे मिळाले. या प्रतिपिंडांना एकवंशी प्रतिपिंडे म्हणता येईल. १९८४ चे नोबेल पारितोषिक या दोघांना नील्स येर्ने यांच्यासमवेत मिळाले.

अशा रीतीने संशोधकांच्या हाती एक पद्धत आली. ग्राहीची एक जागा प्रतिपिंडाने धरून ठेवावयाची आणि पेशी काय करते ते पाहावयाचे. वाढ थांबली, तर ती जागा निरोपाच्या कामी आवश्यक आहे. वाढ चालूच राहिली, तर त्या जागेचा निरोपाशी प्रत्यक्ष संबंध नसावा. आणि निरोप्या नसतानाही वाढ सुरू झाली, तर ग्राहीला जागे करण्याची युक्ती त्या पकडीतच दडलेली आहे.

दोन हातांचे रहस्य

पहिला महत्त्वाचा पुरावा प्रयोगशाळेतील प्राण्यांकडून न मिळता रुग्णांकडून मिळाला. काही मधुमेही रुग्णांना इन्सुलिनच्या प्रचंड मात्राही लागू पडत नव्हत्या. त्यांच्या रक्तात स्वतःच्याच इन्सुलिन-ग्राहीला धरणारी प्रतिपिंडे असल्याचे अमेरिकन संशोधकांनी १९७५ मध्ये दाखविले. हा ग्राही वृद्धिघटकांच्या ग्राहींचा भाऊबंदच आहे. १९७८ मध्ये रोनाल्ड कान व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रतिपिंडे पेशींवर घातली, तेव्हा एक आश्चर्य दिसले. दोन हातांचे प्रतिपिंड इन्सुलिन नसतानाही इन्सुलिनसारखेच कार्य करू लागले. त्याचा सुटा हात मात्र ग्राहीला नुसता अडवून बसला. मग सुट्या हातांना एकमेकांशी जोडणारे दुसरे प्रतिपिंड घातले आणि कार्य पुन्हा सुरू झाले.

इस्रायलमधील वाइझमन संस्थेत योसेफ श्लेसिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यत्वचा वृद्धिघटकाच्या ग्राहीवर एकवंशी प्रतिपिंडे वापरून १९८१ ते १९८३ या काळात असाच अनुभव घेतला. त्यांची काही प्रतिपिंडे निरोप्याची नक्कल करीत. त्यांचा एक हात तेवढाच वापरला, तर नक्कल बंद पडे. हात पुन्हा जोडले, की ती सुरू होई.

याचा अर्थ उघड आहे. एकटा ग्राही निरोप पुढे नेत नाही, त्यासाठी दोन ग्राही एकत्र यावे लागतात. दोन हातांचे प्रतिपिंड दोन शेजारी ग्राहींना धरून एकमेकांजवळ ओढते. विजेच्या तारेची दोन टोके भिडल्याखेरीज दिवा लागत नाही, हे शाळेतील विद्यार्थीही जाणतो. ग्राहींच्या बाबतीत तेच घडते. जवळ आलेल्या दोन ग्राहींचे आतील भाग एकमेकांवर टायरोसीन या घटकाच्या ठिकाणी फॉस्फेट जोडतात आणि त्या खुणेवरून आतील यंत्रणा कामास लागते. ही खूण ओळखणारी प्रतिपिंडेही १९८० च्या दशकाच्या आरंभी तयार झाली. त्यामुळे दिवा लागला की नाही, हेदेखील प्रतिपिंडाकडूनच विचारता येऊ लागले. पुढे हेही कळले, की इन्सुलिनचा ग्राही मुळातच जोडीने असतो आणि निरोप आल्यावर त्या जोडीची अंतर्गत ठेवण बदलते. वाढीच्या ग्राहींचा हा विशेष मात्र कायम राहिला, की त्यांचे काम जोडीने चालते.

अडविणारी पकड

काही पकडी ग्राहीला जागे करतात, तर काही अडवितात, असे दिसून आल्यावर दुसरा विचार पुढे आला. कर्करोगाच्या पेशीवरील ग्राही अडविला तर काय होईल? कॅलिफोर्नियात जॉन मेंडेलसोन व गॉर्डन सातो यांच्या गटाने १९८३ च्या सुमारास '२२५' क्रमांकाचे प्रतिपिंड तयार केले. निरोप्याची बसावयाची जागाच ते व्यापून टाकी. त्यामुळे दोन हात असूनही ते पेशीला वाढविण्याऐवजी तिची वाढ रोखी. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दोन हात असणे पुरेसे नाही. कोठे धरले आणि कसे धरले, यावर फळ अवलंबून आहे. याच प्रतिपिंडाचे मानवास मानवेल असे रूप पुढे सेटुक्सिमॅब या नावाने औषध झाले.

१९८५ मध्ये मार्क ग्रीन, रॉबर्ट वाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू' नावाच्या दुसऱ्या एका ग्राहीवर प्रयोग केला. बिघडलेल्या 'न्यू'मुळे कर्करोगी बनलेल्या उंदराच्या पेशींवर त्यांनी त्या ग्राहीविरुद्धचे प्रतिपिंड घातले. ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून नाहीसा होऊ लागला आणि पेशींचे कर्करोगी वर्तन ओसरले. ग्राही हा रोगाचा नुसता सोबती नसून रोग चालविणारा आहे, याची ही साक्ष होती.

मानवातील याच ग्राहीस 'हर-टू' म्हणतात. डेनिस स्लेमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासल्या. त्यांपैकी सुमारे ३० टक्के गाठींत हा ग्राही घडविणाऱ्या जनुकाच्या अनेक जादा प्रती होत्या आणि अशा रुग्णांत रोग लवकर उलटत असे. आज हे प्रमाण स्तनाच्या कर्करोगात साधारण १५ ते २० टक्के मानले जाते. निरोगी पेशीवर हे ग्राही हजारांच्या संख्येने असतात. जनुकाच्या प्रती वाढलेल्या पेशीवर त्यांची संख्या वीस लाखांच्या घरात जाऊ शकते. इतकी गर्दी झाल्यावर ग्राही एकमेकांना आपोआप भिडतात व निरोप न येताही वाढ सुरू राहते. त्यांना धरणारे ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड १९९८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले.

हाताची घडी उघडते तेव्हा

येथवरचे निष्कर्ष अप्रत्यक्ष होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनांच्या स्फटिकांची रचना पाहता येते. २००२ व २००३ मध्ये या मार्गाने ग्राहींची ठेवण प्रत्यक्ष दिसली. बाह्यत्वचा वृद्धिघटकाचा ग्राही एरवी हाताची घडी घालून बसल्यासारखा असतो. निरोप्या चिकटला की घडी उघडते, एक बाहू पुढे येतो आणि तो शेजारच्या ग्राहीच्या बाहूत गुंततो. निरोप्या दोघांच्या मध्ये बसून त्यांना बांधीत नाही. तो फक्त घडी उघडतो, जोडी ग्राहीच जुळवितात.

'हर-टू'ची गोष्ट निराळी निघाली. त्याची घडी मुळी नसतेच. बाहू सदैव पसरलेला असतो. त्याला स्वतःचा असा निरोप्या नाही. म्हणूनच त्याची संख्या वाढणे इतके धोक्याचे ठरते.

या चित्रात प्रतिपिंडे बसवून पाहिल्यावर जुन्या प्रयोगांचा उलगडा झाला. सेटुक्सिमॅब निरोप्याच्या जागेवर बसते आणि ग्राहीची घडी पुरती उघडू देत नाही, हे २००५ मध्ये दिसले. ट्रास्टुझुमॅब 'हर-टू'ला पेशीच्या आवरणालगत, खालच्या बाजूस धरते. पर्टुझुमॅब हे दुसरे प्रतिपिंड थेट पसरलेल्या बाहूवरच बसते, म्हणजे जोडी जुळण्याची जागाच अडविते. दोघांच्या जागा वेगळ्या असल्याने ती एकाच वेळी देता येतात व एकमेकांस पूरक ठरतात.

दोषही बोलतात

औषधाचे दुष्परिणाम टाळावयाचे असतात हे खरे. तथापि त्यांतूनही ज्ञान मिळते. सेटुक्सिमॅब घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या चेहऱ्यावर व छातीवर मुरमांसारखे पुरळ उठते. कोहेन यांच्या उंदरांच्या पिलांकडे पाहिले तर याचे कारण कळते. हा ग्राही त्वचेच्या नित्याच्या वाढीसाठी आवश्यक आहे. कर्करोगाच्या पेशीवर तो अडविला, तर त्वचेवरही अडणारच.

ट्रास्टुझुमॅबमुळे काही रुग्णांच्या हृदयाची शक्ती कमी होते. म्हणून उपचारापूर्वी व उपचार चालू असताना हृदयाची तपासणी करणे आवश्यक असते. हृदयाच्या स्नायूंनाही 'हर-टू'ची गरज असते, हे यावरून अधिक स्पष्ट झाले. आतड्याच्या कर्करोगात तर औषधाच्या अपयशानेच धडा दिला. ज्या गाठींत ग्राहीच्या पलीकडील 'के-रास' नावाचा दुवा बिघडून सतत चालू राहिलेला असतो, तेथे सेटुक्सिमॅब निरुपयोगी ठरते, असे २००८ मध्ये स्पष्ट झाले. घंटा आतूनच सतत वाजत असेल, तर बाहेरचे बटण धरून ठेवल्याने ती थांबत नाही. म्हणून आता औषध देण्यापूर्वी हा दुवा तपासला जातो.

महाराष्ट्रातील कार्य

शरीराबाहेर पेशी वाढवून त्यांच्यावर प्रयोग करण्याची परंपरा आपल्या राज्यात जुनी आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. पुण्यात जन्मलेल्या व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची, देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली व स्तनाच्या कर्करोगावर दीर्घकाळ संशोधन केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले. या केंद्राचा वारसा आज टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधन संस्थेकडे आहे. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पेशीवंश जतन करून ते देशभरच्या प्रयोगशाळांना पुरविते.

तंबाखू व गुटख्यामुळे होणारा मुखाचा कर्करोग हे आपल्या राज्यापुढील मोठे संकट आहे. या रोगाच्या बहुसंख्य गाठींवर बाह्यत्वचा वृद्धिघटकाचे ग्राही वाजवीपेक्षा अधिक आढळतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मान यांच्या वाढलेल्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांवर एक मोठी चाचणी घेतली. निम्म्या रुग्णांना किरणोपचार व सिस्प्लॅटिन हे औषध, तर उरलेल्यांना त्याच्या जोडीस ग्राही अडविणारे निमोटुझुमॅब हे प्रतिपिंड दिले गेले. प्रतिपिंड मिळालेल्या रुग्णांत रोग पुन्हा डोके वर न काढण्याचा काळ वाढला, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसते. मात्र एकूण आयुष्य निश्चितपणे वाढते, असे त्या चाचणीवरून म्हणता आले नाही. नव्या औषधाविषयी बोलताना असा संयम आवश्यक असतो. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर घातलेली बंदी आणि तिची प्रामाणिक अंमलबजावणी यांचे मोल कोणत्याही औषधाने कमी होत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ट्रास्टुझुमॅब आरंभी फार महाग होते. भारतात तयार झालेली त्याची तुल्य औषधे २०१४ पासून मिळू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले आणि त्याच वर्षीच्या आपल्या राष्ट्रीय यादीतही त्याचा समावेश झाला. एके काळी संशोधनाचा विषय असलेले द्रव्य अशा रीतीने सार्वजनिक आरोग्याचा विषय बनले आहे.

गाठ बाटलीत पडते तेव्हा

औषध उपलब्ध असले तरी ते कोणास द्यावयाचे, हे चाचणी सांगते. 'हर-टू'ची चाचणी पुढीलप्रमाणे होते. गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहूनही पातळ काप काढतात. कापावर 'हर-टू'ला धरणारे प्रतिपिंड घालतात. त्या प्रतिपिंडाला धरणारे दुसरे प्रतिपिंड विकराशी जोडलेले असते. योग्य रसायन घातल्यावर विकर तपकिरी रंग निर्माण करते. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास ग्राहींची गर्दी असलेल्या पेशींच्या कडा गडद तपकिरी दिसतात. दहा टक्क्यांहून अधिक कर्कपेशींची संपूर्ण कड गडद दिसली तर तीन अंक, म्हणजे चाचणी होकारार्थी. शून्य वा एक अंक नकारार्थी. दोन अंक आल्यास संशय उरतो व जनुकाच्या प्रती मोजणारी दुसरी चाचणी करावी लागते.

ही साक्ष खरी ठरण्यासाठी एक अट आहे. प्रतिपिंड ज्या जागेला धरते, ती जागा गाठीत शाबूत राहिली पाहिजे. शरीरातून काढलेली गाठ निर्जीव होताच तिच्यातील प्रथिने बिघडू लागतात. म्हणून ती शक्य तितक्या लवकर, फार तर एका तासाच्या आत, दहा टक्के तटस्थ फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी लागते. फॉर्मॅलिन गाठीच्या किमान दहापट असावे. गाठ मोठी असल्यास द्रव आत पोहोचावा म्हणून तिला योग्य जागी चिरा द्याव्या लागतात. सहा तासांहून कमी व बहात्तर तासांहून अधिक काळ ती फॉर्मॅलिनमध्ये राहू नये. तालुक्याच्या एखाद्या खाजगी वा सार्वजनिक शस्त्रक्रियागृहात काढलेली गाठ कोरड्या डबीत, मिठाच्या पाण्यात किंवा अपुऱ्या फॉर्मॅलिनमध्ये पडून राहिली, तर पुढे कितीही उत्तम प्रयोगशाळा मिळाली तरी प्रतिपिंडाला धरावयास काही उरत नाही. अहवाल नकारार्थी येतो आणि जिला औषध लागू पडले असते, ती भगिनी त्यास मुकते. हा अन्याय कोणाच्याही नजरेस येत नाही, कारण कागदावर सर्व काही यथास्थित असते.

आपले कर्तव्य

या पत्रिकेच्या वाचकांत पंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी आहेत. त्यांना काय करता येईल? पहिली गोष्ट अशी, की स्तनातील गाठ दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती गावातून दूर करावी. आशा कार्यकर्त्या व परिचारिका यांच्या साहाय्याने अशा भगिनींना वेळेवर रुग्णालयात पाठवावे. दुसरी गोष्ट, गाठ काढून टाकली म्हणजे काम झाले, असे समजू नये. गाठ तपासणीस पाठविली का, फॉर्मॅलिनमध्ये ठेवली का, बाटलीवर नाव, तारीख व वेळ लिहिली का, हे विचारण्याचा नातेवाइकांना अधिकार आहे. मेणात बसविलेला गाठीचा ठोकळा व अहवाल जपून ठेवावा. मोठ्या रुग्णालयात जाताना तो सोबत न्यावा, कारण त्याच ठोकळ्यातून नव्या चाचण्या करता येतात.

आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांसाठीही यात एक सूचना आहे. तटस्थ फॉर्मॅलिन, रुंद तोंडाच्या बाटल्या आणि वेळेची नोंद या अल्पखर्चाच्या बाबी आहेत. परंतु त्यांच्याअभावी महागडे औषध व्यर्थ जाते किंवा योग्य रुग्णापर्यंत पोहोचत नाही. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतील शस्त्रक्रियागृहांत या तीन गोष्टींची नियमित पाहणी झाली, तर संभाजीनगर वा मुंबईस पोहोचणारी प्रत्येक गाठ बोलकी राहील.

विज्ञानाच्या शिक्षकांना हा विषय वर्गात सांगण्यास अवघड नाही. बॅटरी, दिवा आणि तारेची दोन टोके पुरेशी आहेत. टोके जवळ आणली की दिवा लागतो, मध्ये कागद ठेवला की विझतो. तो कागद म्हणजे प्रतिपिंड. तार कोठे जुळते हे ज्याला कळले, त्यालाच कागद कोठे ठेवावयाचा हे कळते. संशोधकांनी तीस-चाळीस वर्षे खपून ती जागा शोधली. गावातील शस्त्रक्रियागृहापासून प्रयोगशाळेपर्यंत गाठ नीट पोहोचविणे, एवढे काम आता आपल्याकडे आहे.